डाव्या बाजूचा पत्रा

मुलुंड (पूर्व)
२१ जानेवारी २०२५

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम, वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर बघून कोणीतरी गेलं असं तुला वाटलं असेल. कोणी गेलेलं नाही. हे मी पवईला ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, आणि तुझं उत्तरही ऑफिसच्याच पत्त्यावर पाठव. घरी फोन आला की नाना स्पीकर लावायला सांगतात. मेसेज आला तर माझ्याआधी तेच वाचतात, कारण माझा मोबाइल हा त्यांच्या मते घराचा मोबाइल आहे. वन बीएचकेमध्ये इस्त्रीचं टेबल ठेवायला जागा नाही, गुपित कुठून ठेवणार?

परवा त्याच स्पीकरवर तू मला चिक्कू म्हणालीस. बापाची गाडी गॅरेजात सव्वा महिना सडतेय आणि तुझा हात खिशात जात नाही, असं म्हणालीस. नाना समोर बसून मान डोलवत होते. तर आता ऐक.

डिसेंबरात नानांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. निमित्त चटणीचं झालं. नाना रोज जेवताना चिडायचे की माधुरी चटणी वाढत नाही. माधुरी रोज वाढत होती, ताटात डावीकडे, आई वाढायची तशीच. चटणी तशीच ताटात राहायची. एकदा मी ताट अर्धं फिरवलं, तर म्हणाले, बघ, सांगितल्यावर कशी वाढली. हे तुमच्या घराण्यात सगळ्यांनाच होतं का, असं माधुरीने मला त्या दिवशी विचारलं. पंचवीस वर्षांनी विचारलं, म्हणजे सहनशील बाई आहे.

डॉक्टरीणबाईंनी नानांच्या डोळ्यांत औषध घालून त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत बोलावलं. डोळे चांगले आहेत म्हणाल्या. पण मेंदूत मागे कधीतरी बारीकशी गुठळी होऊन गेली असणार, आणि तेव्हापासून दोन्ही डोळ्यांना डावीकडचं अर्धं दिसत नाही. गंमत अशी की आपल्याला दिसत नाही हे त्या माणसाला कळतही नाही. पुढच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली. गोळ्या चालू आहेत, काळजी करू नकोस. गाडी मात्र आजपासून बंद, हे तुम्ही सांगाल की मी सांगू, असं त्यांनी विचारलं. मी सांगतो म्हणालो. बस, तिथेच वाट लागली.

मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता पौर्णिमा आली. तुला ठाऊक आहे, दर पौर्णिमेला नाना पांढरा शर्ट घालून घाटकोपरला जातात, प्रेमाबाई आणि आईच्या आणखी दोन मैत्रिणींना गाडीत घालतात आणि विक्रोळीच्या विहारात नेतात. तिघींचं वय मिळून अडीचशेच्या आसपास. मी काय केलं? मीही गाडीत बसलो. मागे, दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये. आणि रस्ताभर बडबडत राहिलो. बघा नाना, डावीकडे रिक्षा किती वाढल्यात. बघा नाना, डावीकडे हा टेम्पोवाला कसा घुसतोय. असं करत आम्ही सुखरूप पोचलो. विहारात हात जोडून मी चौथं शीलही म्हटलं, खोटं बोलणार नाही म्हणून.

परतताना हायवेवर पुढच्या सीटवरच्या प्रेमाबाई एकदम ओरडल्या. त्यांचा पाय रबराच्या मॅटसकट खाली गेला होता. गाडीचा तळ गंजून पापडासारखा झालेला. पाय त्यांनी वेळेत ओढला, चप्पल मात्र विक्रोळीत राहिली.

ताई, त्या भोकाचे माझ्यावर फार उपकार आहेत. भोकं बुजल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही, हे नाना स्वतः म्हणाले. दुसऱ्या दिवशी गाडी मुलुंडमध्येच पत्र्याचं काम करणाऱ्या धाकू परब नावाच्या डेंटरकडे टाकली आणि त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. काम कर, पण सावकाश कर, म्हटलं. म्हणजे आता डॉक्टर, माधुरी, डेंटर आणि तू, एवढ्यांना ठाऊक आहे. बाप तेवढा राहिलाय.

तेव्हा कृपा करून गाडी लवकर करा असं फोनवर म्हणू नकोस. तुझा लोभ आहे हे मला माहीत आहे. यापुढे तो तोंड मिटून असू दे.

तुझा,
प्रबुद्ध


हिंगोली
३० जानेवारी २०२५

चि. प्रबुद्ध यास,
सप्रेम जय भीम आणि मंगल कामना.

पत्र शाळेच्या कचेरीत उघडलं, कारण धीर होईना. वाचून आधी हसले, मग घाम फुटला. तीन म्हाताऱ्या बायका, एक अर्धं दिसणारा ड्रायव्हर आणि मागे बसून रिक्षा मोजणारा माझा भाऊ! कशाने वाचलात कोण जाणे. प्रेमाबाईंना नवी चप्पल घेऊन दिलीस की नाही? नसेल तर आज घे.

तू लहानपणापासून असाच आहेस रे. बारावीत नापास झालास तेव्हा निकालाचा कागद तांदळाच्या डब्यात लपवलास आणि आईला तो तांदूळ निवडताना सापडला. माझ्या शाळेतली चौथीतली पोरंसुद्धा तुझ्यापेक्षा बरं खोटं बोलतात. मी मुख्याध्यापक आहे, रोज चाळीस बापांना त्यांच्या पोरांबद्दल नको ते सांगते. एका बापाला त्याच्याबद्दल सांगायला काय लागतं? नाना वाघ आहेत का?

हे भोकांचं नाटक मला पसंत नाही. भोकं कधीतरी संपतात. मी रविवारी फोन करते, स्पीकरवर असो नाहीतर कशावर, आणि दोन वाक्यांत सांगून टाकते. तू समोर थांब, एवढंच कर. भरपूर पाणी पी, माधुरीला माझा जय भीम सांग.

थोरली म्हणून बोलते, ते बोलणं सोसत जा.

तुझी ताई,
संघमित्रा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून रविवारचंही लिहिते. तू ऐकलंसच. मी सुरुवात बरी केली होती. मग नाना म्हणाले की आईची डावीकडची सीट खाली उतरवून ठेवलीय, पत्रा बसला की परत लावणार, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तू आलीस की तुला त्या सीटवर बसवून फिरवणार. मी म्हटलं, टायरची हवा तपासून घ्या. एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. टायरची हवा! आता हसू नकोस. तुझ्या भोकांना माझी संमती आहे असं समज.


मुलुंड (पूर्व)
४ मार्च २०२५

प्रिय ताई,
स. जय भीम, वि. वि.

हसलो नाही. दमलोय.

गेला महिना कसा गेला ते सांगतो. नाना रोज सकाळी डबा घेऊन बसने गॅरेजात जातात. आपण गाडी दूर ठेवली आणि त्यांना नोकरी लागली. तिथे त्यांचं स्वतःचं स्टूल आहे. धाकू म्हणजे अडुसष्ट वर्षांचा मालवणी माणूस, कमी बोलतो, जे बोलतो ते नाकातून. पण काम बघत राहावं असं. आधी छोट्या हातोडीने अख्खी गाडी ठोकत फिरतो आणि कान देतो. चांगला पत्रा वाजतो, कुजलेला बद् करतो. जिथे बद् होतं तिथे खडूने गोल. मग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचं, तेवढाच नवा पत्रा कापून ठोकून वळवायचा, गॅस वेल्डिंगने बसवायचा, वर लाल प्रायमर. भोकात पेपर कोंबून वरून पुट्टी मारणाऱ्यांचा त्याला इतका राग आहे की त्यांच्याबद्दल तो मालवणीत बोलतो, ते इथे लिहीत नाही.

नाना आणि तो दिवसभर भांडतात, आणि दुपारी एकमेकांच्या डब्यातलं खातात. नानांना मी इतकं बोलताना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

पण धाकूला सावकाश काम येत नाही. तळ झाला, दाराखालच्या पट्ट्या झाल्या, डिकीचा कोपरा झाला. होळीच्या आत गाडी देणार म्हणाला. मी अजून महिनाभर ओढ म्हटलं. त्याने सांगितलं की माका ह्या जमाचा नाय, एक गाडी माझ्या दारात अडीच महिने बघून लोक मला काम येत नाही असं समजतात, आणि ठिगळ लावायला आता कुजलेला पत्रा कुठे शिल्लक आहे?

आता पुढचं वाच, आणि वाचताना मी तुझा सख्खा भाऊ आहे हे विसरू नकोस. गेल्या गुरुवारी ऑफिसातून अर्धी रजा टाकली. नाना जेवून वामकुक्षीला घरी गेले होते, धाकू चहाला गेला होता. मी मागच्या डाव्या मडगार्डच्या आत स्क्रूड्रायव्हर टेकवला, वर पाना मारला आणि भोक पाडलं. डावीकडचंच निवडलं. तिकडचं नानांना दिसणार नाही, धाकूलाच काय ते सापडेल, आणखी आठ दिवस मिळतील, असा हिशोब.

नानांना ते दिसलं नाही. त्यांच्या बोटांना सापडलं. रविवारी गॅरेजात गर्दी होती, मी त्यांचा डबा घेऊन गेलो होतो. नाना चाकाच्या आत हात घालून प्रायमर सुकलंय का बघत होते, आणि एकदम थांबले. बोट आतून फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग उभे राहून सगळ्यांसमोर म्हणाले की गंजाच्या भोकाच्या कडा चुरा होऊन हातात येतात, या भोकाच्या कडा आत वळल्यात. हा गंज नाही, हे हत्यार आहे. काम वाढवायला धाकूने भोक पाडलं. एकतीस वर्षं मी बसच्या डेपोत कामगारांच्या बाजूने उभा राहिलो, पण भाकरीसाठी भोकं पाडणारा कामगार आज पहिल्यांदा बघितला, असं म्हणाले. आणि ज्याच्या डब्यातलं खाल्लं त्यानेच, असंही म्हणाले.

धाकूने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, चूक झाली.

मी तिथेच उभा होतो ताई. हातात डबा धरून. अर्धं मिनिट असेल. तोंड उघडायला अर्धं मिनिट खूप होतं.

संध्याकाळी गॅरेजच्या मालकाने धाकूला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं. बावीस वर्षं तो तिथे कामाला होता. नाना घरी येऊन न जेवता झोपले.

काय करू ते लिही. या वेळी लोभ वगैरे मागायची माझी लायकी नाही.

प्रबुद्ध


हिंगोली
१० मार्च २०२५

प्रबुद्ध,
जय भीम.

काय करू असं विचारतोस? तुला माहीत आहे काय करायचं. तरी मला विचारलंस, म्हणजे मी काहीतरी दुसरं सुचवीन अशी आशा असेल.

नानांना गाडी बंद करायला सांगणं ही एक गोष्ट होती. त्यात आपण दोघंही शेळपट निघालो, मीही निघाले. पण आता एका माणसाचं नाव गेलं, काम गेलं, आणि त्याने तुझ्या बापाची लाज राखायला ते ओढवून घेतलं. तुझा तो कोण लागतो? हे पत्र मिळेल त्या दिवशी, संध्याकाळी, जेवणाआधी सांग. आधी भोकाचं सांग, मग डोळ्यांचं. उलट क्रमाने सांगितलंस तर डोळ्यांच्या मागे लपशील, मी तुला ओळखते.

फोन करणार नाही. झालं की लिही.

रागावले आहे, पण दार बंद केलेलं नाही.

ताई


मुलुंड (पूर्व)
१८ मार्च २०२५

प्रिय ताई,
जय भीम.

सांगितलं. काल. बिल्डिंगखालच्या बाकावर, कारण घरात माधुरीसमोर धीर झाला नसता.

आधी भोकाचं. नानांनी विचारलं, कशाने पाडलंस. स्क्रूड्रायव्हरने म्हटलं. आणि ठोकलं कशाने? पान्याने. त्यावर म्हणाले की तरीच भोक वाकडं होतं, धाकूचा हात असा वाकडा पडणारच नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. मग का पाडलंस, विचारलं. तेव्हा डोळ्यांचं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते, ताटाचं, मी तीन महिने काय काय केलं ते.

मग त्यांनी एकच विचारलं. त्या पौर्णिमेला मी गाडीत मागे बसून रिक्षा दाखवत होतो, टेम्पो दाखवत होतो, ते यासाठीच का? मी हो म्हटलं. तर म्हणाले, मला वाटलं, पोरगा माझ्याशी बोलायला लागला.

ताई, ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग उठले, वर जाऊन शर्ट बदलला आणि धाकूच्या खोलीवर भांडुपला गेले. एकटे. मी येतो म्हटलं तर नको म्हणाले. परत आले तेव्हा माधुरीने वाढलं, ते जेवले. माझ्याशी अजून बोलत नाहीत. तुझा पत्ता मात्र माझ्याकडून एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलाय.

थकलोय, पण रात्री झोप लागली. लोभ शिल्लक असेल तर कळव.

तुझा,
प्रबुद्ध


मुलुंड
६ एप्रिल २०२५

चि. संघमित्रा हिस,
अनेक आशीर्वाद. जय भीम.

पत्र लिहायची सवय राहिलेली नाही. पानाच्या डाव्या बाजूला मोठी जागा सुटलीय, ती मी सोडलेली नाही, माधुरीने दाखवली तेव्हा कळली. चालवून घे.

तुझी दोन्ही पत्रं प्रबुद्धने माझ्या हातात दिली. कागद सरकवत सरकवत वाचली. तू विचारलंस नाना वाघ आहेत का. तुझं तू ठरव.

धाकूचं आधी लिहितो. त्याच्या खोलीवर गेलो, माफी मागितली. तो म्हणाला बसा, चहा घेवा. एवढंच. मग दुसऱ्या रविवारी, जेव्हा गर्दी असते तेव्हा, मी त्याला घेऊन गॅरेजात गेलो आणि ज्या आवाजात बोललो होतो त्याच आवाजात सगळ्यांना सांगितलं की भोक माझ्या मुलाने पाडलं, धाकूने माझ्यासाठी अंगावर घेतलं आणि मी त्याला नाही नाही ते बोललो. मालक आढेवेढे घेत होता. मी माझं स्टूल दारात टाकून बसलो. डेपोत संपाच्या वेळी बसायचो तसा. दुपारी चार वाजता मालक म्हणाला, उद्यापासून ये. धाकूने पहिलं काम काय केलं तर ते भोक बुजवलं. आता बोट फिरवलं तरी कुठे होतं ते मला सांगता येत नाही.

आता माझं. डॉक्टर म्हणाले म्हणून माझा विश्वास बसला नाही. मी धाकूला म्हटलं, मला एकदा बघायचंय. तो डावीकडे बसला, पायाशी त्याने केलेला नवा तळ. गॅरेजच्या मागची गल्ली रिकामी असते, तिथे पहिल्या गिअरमध्ये घेतली. गाडी झकास चालली. मी म्हणणारच होतो की बघ, दिसतंय सगळं. तेवढ्यात धाकूने हात घालून हँडब्रेक ओढला. मी चिडलो. तो म्हणाला, मान वळवा. मान वळवली तर हातगाडी. कलिंगडांची, भरलेली, हातभर अंतरावर, आणि तिच्यामागे माणूस बसून पेपर वाचत होता. एवढी मोठी हिरवीगार गाडी, संघमित्रा. तिथे माझ्यासाठी काही नव्हतंच. काळोखसुद्धा नव्हता.

मी इंजिन बंद केलं, उतरलो आणि किल्ली धाकूच्या हातात दिली. तो गाडी मागे घेऊन गेला. मी चालत गेलो.

तुम्हा दोघांना एक सांगायचं आहे, म्हणून हा सगळा खटाटोप. एकतीस वर्षं मी बस चालवली ती मला सगळं दिसत होतं म्हणून नाही. मागचं दार मला कधीच दिसलं नाही. तिथे कोण चढतंय, कोण लोंबकळतंय, काही नाही. मागून एक घंटी आली की थांबायचं, दोन आल्या की निघायचं. कंडक्टर नवा असो, जुना असो, माझ्याशी भांडलेला असो. घंटी आल्यावर कोण देतोय आणि का, हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही तीन महिने गाडीला भोकं पाडत बसलात, टायरची हवा विचारत बसलात. एक घंटी दिली असती. मी थांबलो असतो.

प्रबुद्धशी अजून नीट बोलत नाही. बोलेन. काल त्याने पेपर वाचून दाखवला, मी नको म्हटलं नाही.

गाडी खाली उभी आहे. माधुरीने ड्रायव्हिंगचा क्लास लावलाय, क्लासच्या गाडीत मागे बसणाऱ्या बायका म्हणतात तिचा हात बरा आहे. तोवर आम्ही म्हातारी मंडळी बसने जाणार. प्रेमाबाई कुरकुर करत होत्या, मी म्हटलं, बसचा तळ चांगला असतो.

काल घाटकोपरला त्यांना हेच सांगायला बसने गेलो होतो. ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली. पोरगा चांगला चालवत होता, मी त्याचे हात बघत होतो. पंतनगर आलं ते मला कळलं नाही, स्टॉप डावीकडे असतो. कंडक्टर जवळ आला, खांद्याला हात लावून म्हणाला, बाबा, तुमचा स्टॉप. मी उतरलो.

सुट्टीत ये. आपल्या माणसांना जे सांगायचं ते तोंडावर सांगत जा, हाच माझा लोभ.

तुझे,
नाना